पहिल्या पसंतीचं कॉलेज

माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे ऐकल्यावर आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले होते, "मग आधी आपल्या लोकांना लिफ्टचा निर्णय घ्यायला शिकवा." पुण्यात आपल्या कामाची चौकशी होते ती अशी.

धंद्याचं नाव भारदस्त आहे, वर्तनाचं अर्थशास्त्र. सांगायला सोपं आहे. जुन्या पाठ्यपुस्तकात एक माणूस असतो. तो सगळे पर्याय समोर मांडतो, तोलून-मापून बघतो, पुढच्या दहा वर्षांचा विचार करतो आणि मग ठरवतो. असा माणूस मी मंडईत पाहिला नाही, बँकेत पाहिला नाही आणि माझ्या माहेरी-सासरी तर नाहीच नाही. खरी माणसं शेजाऱ्याचं बघून ठरवतात, उपाशीपोटी एक ठरवतात आणि जेवल्यावर दुसरंच. पुष्कळदा तर ठरवतच नाहीत. कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, ते चालवून घेतात. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना हे एकही पुस्तक न वाचता कळलेलं आहे. ते नोटीस लावतात, ‘हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा संमती आहे असे समजण्यात येईल.’ सात दिवस नोटिशीकडे कुणी ढुंकून बघत नाही. गेली तीन वर्षं आमचा जिना जांभळा आहे.

हसण्यावारी न्यायची गोष्ट जिन्यापर्यंतच. ज्याला चार चुका पचवता येतात त्याचं एका जांभळ्या जिन्यानं काही बिघडत नाही. ज्याच्या वाट्याला एकच संधी येते, त्याला मात्र दुसऱ्यानं ठरवलेलं मुकाट्यानं चालवून घेणं फार महागात पडतं. विषमता अशी रोजच्या बारक्या निर्णयांतून मुरत जाते असं मी मानायचे, आजही मानते. विषयात खोट नव्हती. माझ्यात होती.

दोनेक वर्षांपूर्वी मी अकरावीच्या प्रवेशांवर अभ्यास हाती घेतला. दहावीचा निकाल लागला की मुलांना ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो आणि त्यात दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं द्यावी लागतात. मग गुणांप्रमाणे यादी लागते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यायचंच. नाकारलं, तर मधल्या सगळ्या फेऱ्यांतून नाव बाद आणि अगदी शेवटच्या फेरीत जे उरलंसुरलं असेल ते. म्हणजे पहिल्या ओळीत काय लिहायचं, हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा आयुष्यातला पहिला मोठा निर्णय. माझ्यासारखीला याहून चांगलं काय हवं?

येरवड्याच्या बाजूच्या चार शाळांतून, आईवडिलांच्या सह्या घेऊन, आम्ही मुलांच्या याद्या गोळा केल्या. याद्या बघून मी चक्रावले. नदीपलीकडच्या नामांकित कॉलेजांत सहज जागा मिळेल इतके गुण असलेली मुलं-मुली पहिल्या ओळीत घराजवळचं, बेताचंच कॉलेज लिहीत होती. एखाद-दुसरी नव्हे, ओळीनं सगळी. दार उघडं असताना मुलं आत पाऊल का टाकत नाहीत? मी निबंध लिहिला. गरीब वस्तीतली मुलं आपल्या आकांक्षा आपणच लहान करून घेतात, असा त्याचा सारांश होता.

माझ्याबरोबर आकडेमोड बघणारी एक सहकारी होती. ती एकदा याद्या चाळता चाळता म्हणाली, "अगं, पहिलंच नाही, खालची नऊ नावंही सारखीच आहेत. क्रमसुद्धा."

"एकमेकांचं बघून भरतात," मी म्हटलं. "अपेक्षितच आहे. आमच्यात त्याला नाव आहे."

"तुमच्यात सगळ्यालाच नाव असतं," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

तेव्हा मी हसले. निबंध गाजला. जिथे जाईन तिथे मी एक वाक्य म्हणायचे, "गरिबी खिसा नंतर रिकामा करते, स्वप्नं आधी आखूड करते." या वाक्यावर हमखास टाळ्या पडायच्या. टाळ्या पडणाऱ्या वाक्यावर संशय घ्यावा एवढी अक्कल माझ्या वयाच्या बाईला असायला हवी होती.

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात एक ताई काम करतात. पुस्तकं झाडणं, जागच्या जागी लावणं, आणि व्याख्यान असलं की सभागृहात खुर्च्या मांडणं हे त्यांचं काम. मूळच्या बुलढाण्याकडच्या. लग्न होऊन येरवड्यात आल्या त्याला वीस वर्षं होऊन गेली. नवरा चाकणच्या कारखान्यात, कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन. ताई कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलतात. अभ्यासाचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा त्यांची धाकटी मुलगी दहावीला होती. वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून अभ्यास करायची. निकाल लागला, नव्वदीच्या वर गुण पडले. ताईंनी सगळ्या संस्थेला पेढे वाटले, संचालकांपासून माळीकाकांपर्यंत.

त्यानंतर आठवड्याभरानं त्या माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, पोरीचा फॉर्म भरायचा हाय. तिनं यादी बनवलीय. तुम्ही एकदा नजर टाकता का?"

मी विचारलं, शाळा कुठली? त्यांनी सांगितली. माझ्या चार शाळांपैकीच होती.

"ताई, मला नाही बघता येणार," मी म्हटलं. "तिची शाळा माझ्या अभ्यासात आहे. मी काही बोलले तर ती यादी तिची राहणार नाही. तिला जे वाटतं तेच तिनं भरू दे."

"बरं," असं म्हणून ताई गेल्या.

या नकाराचा मला अभिमान वाटला होता, हे लिहिताना लाज वाटते. त्याच आठवड्यात मी संस्थेतल्या वर्गात विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगितला. ओळखीचं माणूस समोर आलं तरी संशोधकानं आपलं बोट तराजूच्या काट्याला लागू द्यायचं नाही, असं काहीसं मी म्हणाले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पुढे दहा-बारा दिवसांनी ताई पुस्तकं झाडत होत्या तेव्हा मी जाता जाता विचारलं, "भरला का फॉर्म? पहिलं कुठलं टाकलं?"

"जवळचंच हाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या फडताळाकडे वळल्या.

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझं म्हणणं माझ्याच संस्थेत सिद्ध झालं होतं. मी आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण उत्तर मनासारखं आलं की मी पुढचा प्रश्न विचारत नाही. माझा हा दोष माझ्या नवऱ्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळला होता.

प्रवेशाची पहिली यादी लागायच्या आदल्या दिवशी आमच्याच सभागृहात माझं व्याख्यान होतं. निवृत्त मंडळी, विद्यार्थी, शिक्षण खात्यातले दोघे-तिघे असे साठ-सत्तर लोक असतील. बोलता बोलता मला चेव चढला. मी म्हणाले, "लांब कशाला जायचं? आमच्याच संस्थेत काम करणाऱ्या एका बाईंची मुलगी घ्या. नव्वदीच्या वर गुण. दार सताड उघडं आहे, आणि मुलगी उंबऱ्यातच बसून राहिली." पुढच्या रांगेतले एक आजोबा हळहळले. मागच्या दाराशी, पंख्याच्या बटणांजवळ, ताई उभ्या होत्या. मला त्या दिसत होत्या. तरीही मी ते वाक्य बोलले, कारण ते छान जमून आलं होतं.

लोक गेल्यावर ताई खुर्च्या एकात एक रचत होत्या. मी पर्स उचलून निघाले तशा त्या थांबल्या.

"मॅडम, एक बोलू?"

"बोला ना."

"पोरगी उंबऱ्यात बसली म्हणालात तुम्ही. एवढ्या लोकायसमोर."

"मी नाव घेतलं नाही, ताई."

"नाव काहून पायजे? दहावीला कोणाची पोरगी व्हती हे इथं समद्यायले ठावं हाय. पेढे वाटले मी." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी आपल्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "हे तिनं निवडलं व्हतं. फॉर्मात दुसरंच आलं."

मी तो कागद उभ्यानंच वाचला. वहीचं दुरेघी पान होतं, त्यावर पट्टीनं रकाने आखलेले. कॉलेजचं नाव, मागच्या वर्षी किती गुणांवर प्रवेश थांबला, जायला किती वेळ, आणि शेवटी शेरा. पहिल्या ओळीत नदीपलीकडचं एक जुनं, मोठं कॉलेज. पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘बस दोन, मनपा स्टॉपला बदलायची. १ तास १० मि., पण रविवारी गेलो होतो, सोमवारी जास्त लागेल. मेट्रो लवकर पोचते, रोज परवडणार नाही, परीक्षेच्या दिवशी घ्यायची. लायब्ररी ७ पर्यंत, वॉचमनला विचारलं.’ दुसऱ्या, तिसऱ्या ओळीतही तसंच. चौथ्यापुढे ‘मैत्रिणीची बहीण म्हणते प्रॅक्टिकल नीट होत नाहीत’. घराजवळचं कॉलेज नवव्या ओळीत होतं. त्याच्यापुढे शेरा होता, ‘काहीच नाही मिळालं तर.’

सगळे पर्याय मांडून तोलून-मापून ठरवणारा पाठ्यपुस्तकातला तो माणूस मला तीस वर्षांत कुठे भेटला नव्हता. तो येरवड्यातल्या अभ्यासिकेत पट्टीनं रकाने आखत बसला होता. आणि मी त्याला उंबऱ्यात बसलेला म्हणून लोकांना दाखवून मोकळी झाले होते.

"मग फॉर्ममध्ये दुसरं कसं आलं?" मी विचारलं.

ताईंनी सांगितलं. घरातल्या फोनवर फॉर्म उघडेना. वस्तीतली सगळी मुलं जातात त्या सायबर कॅफेत मुलगी गेली. रांग मोठी होती. कॅफेवाला म्हणाला, चिठ्ठी ठेवून जा, मी भरतो. फॉर्मच्या ऑनलाइन खात्याला मोबाइल नंबर त्याचाच लावला, पासवर्डही त्यानंच ठरवला. दोन दिवसांनी छापील प्रत हातात आली तेव्हा यादी निराळीच होती आणि फॉर्म लॉक झालेला होता. मुलीनं विचारलं तर म्हणाला, आता काही होत नाही, पण काळजी नको, नंबर नक्की लागेल. मुलगी दोन दिवस जेवली नाही.

"ताई, मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणाला व्हता, तुम्हाला बघता येत न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. मी घालून दिलेला नियम त्यांनी पाळला होता, एवढंच.

लॉक झालेला फॉर्म मुदतीच्या आत मार्गदर्शन केंद्रावर जाऊन उघडून घेता येतो. पसंतीक्रम बदलून पुन्हा लॉक करता येतो. हे मला तोंडपाठ होतं. माझ्या निबंधात त्यावर तळटीप होती. मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी संपली होती. मी त्या रिकाम्या सभागृहात एका खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. ताई उभ्याच होत्या.

तरी आम्ही रिक्षा करून केंद्रावर गेलो. तिथल्या शिक्षिकेनं दोनदा संगणकात डोकं घालून बघितलं. चांगली बाई होती. म्हणाली, "काल आला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं. आता यादी तयार झाली असेल, उद्या सकाळी लागेल." तिथून आम्ही कॅफेवर गेलो. तिथे जाऊन काही साधणार नव्हतं. मला कुणावर तरी चिडायचं होतं.

ताईंनी फोन करून मुलीलाही तिथेच बोलावलं होतं. सडसडीत, चष्मा लावलेली, दप्तर छातीशी धरून उभी राहिलेली मुलगी. मला बघून तिनं नमस्कार केला. आईनं तिला व्याख्यानाचं सांगितलं होतं की नाही मला कळेना, आणि विचारायचा धीर झाला नाही.

कॅफेवाला चाळिशीचा असेल. समोर गर्दी, एकीकडे फोटो छापणं, एकीकडे आधार कार्ड, आणि तोंडानं सगळ्यांना एकदम उत्तरं. मी तावातावानं विचारलं, मुलीनं लिहून दिलेली यादी तुम्ही का बदललीत?

"मॅडम, टेन्शन नका घेऊ, बसा," तो म्हणाला. "सीझनला रोज पन्नास पोरं येतात. सगळीच चिठ्ठ्या देतात. एकेकाची चिठ्ठी टाइप करत बसलो तर रांग पार चौकात जाईल."

"म्हणून मनाला येईल ते भरायचं?"

"मनाला येईल ते नाय. हे बघा." त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवला. दहा नावांची एक यादी त्यानं जपून ठेवली होती. "पाच वर्षं हीच टाकतोय. आपल्या एरियातल्या पोराला पहिलं कॉलेज शंभर टक्के लागणार. मागं एकाला त्याच्या मर्जीचं हायफाय कॉलेज टाकलं. पहिल्या यादीत नावच नाय. त्याच्या घरचे दुकानात घुसले, काय काय बोलले. हे कॉलेज टाकल्यावर आजपर्यंत कुणी भांडायला आलेला नाय. तुम्हीच पहिल्या."

ती दहा नावं मी वाचली. वाचायची गरज नव्हती, मला ती क्रमानं पाठ होती. शेकडो वेळा वाचलेली. माझ्या निबंधातला तो सगळा तक्ता या माणसाच्या संगणकात एका ठिकाणी पडून होता. दीड वर्ष मी येरवड्याच्या मुलांच्या आकांक्षा मोजत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी मोजली होती या माणसाला लोकांच्या शिव्यांची वाटणारी भीती.

आणि चिडायला आले होते, तर चिडताही येईना. मिळालेल्या दहा शाबासक्यांपेक्षा एक शिवी जास्त लक्षात राहते, म्हणून माणूस जपून खेळतो, हे मीच वर्गात शिकवते. गर्दी वाढली की प्रत्येकाचं वेगळं बघण्यापेक्षा एकच साचा सगळ्यांना लावतो, हेही मीच शिकवते. त्यानं तेच केलं होतं. मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या साच्याला तळटिपा होत्या. त्याच्याकडे निदान रांगेचं कारण होतं. माझ्या दारात एकट्या ताई आल्या होत्या, हातात कागद घेऊन.

मुलगी तोवर काउंटरच्या पलीकडे गेली होती. तिनं त्याला खात्याचा पासवर्ड बदलायला लावला, नंबर काढून आईचा नंबर टाकायला लावला, आणि ते झाल्याचं स्वतः स्क्रीनवर बघितल्याशिवाय ती बाजूला झाली नाही. कॅफेवाला म्हणाला, "वकील होणार ही."

निबंध मी पुढे मागे घेतला. आमच्या संचालकांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान. म्हणजे दीड वर्ष आपण एका दुकानदाराची मुलाखत घेतली, आणि तीही त्याला न विचारता." ताईंची मी माफी मागितली, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या देखत, कारण बोलले होते तेही सगळ्यांच्या देखतच. त्या म्हणाल्या, "असू द्या." त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्या खोलीत झाडायला यायच्या तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहायचे. पण हे सगळं नंतरचं. त्याआधीची एक सकाळ सांगायची आहे, आणि ती टाळावी असं मला आत्ताही वाटतंय.

यादी लागली त्या सकाळी मी ताईंच्या घरी गेले. एक खोली आणि मागे छोटंसं स्वयंपाकघर. भिंतीला लावलेल्या टेबलावर मुलीची पुस्तकं रचलेली. ताईंनी माझ्यासाठी खुर्ची रिकामी केली. दहा वाजता आईच्या फोनवर मुलीनं खातं उघडलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं होतं. अर्थात मिळणारच होतं. खाली दोन पर्याय होते, प्रवेश घ्यायचा की नाकारायचा.

मी नाकार म्हणाले. घाईघाईनं, पुष्कळ बोलले. तुझे गुण चांगले आहेत. शेवटच्या फेरीत मोठ्या कॉलेजांतही कधीकधी जागा निघतात. दोन महिने थांबायची तयारी ठेव. हवं तर मी कुणाशी तरी बोलते, तिथले दोघं-तिघं माझ्या ओळखीचे आहेत.

"ओळखीनं नको, मॅम," ती म्हणाली.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," ताई हलकेच म्हणाल्या. मुलीच्या वडिलांचा कारखान्यातून फोन आला. ते म्हणाले, तिला काय वाटतं ते तिला ठरवू द्या. यंत्राच्या आवाजात त्यांना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं.

मुलीनं तो आखलेला कागद पुढ्यात घेतला. "शेवटच्या फेरीत जागा राहतेच असं कुठं लिहिलंय का?"

"नाही."

"आणि नाही राहिली तर?"

"तर जिथे उरेल तिथे. किंवा मग पुढचं वर्ष."

माझं मलाच ऐकू आलं. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी एका मुलीला तिचं वर्ष पणाला लावायला सांगत होते. त्याला धाडस असं नाव देत होते.

मग तिनं मान वर केली.

"तुम्ही कुठल्या कॉलेजला होता, मॅम?"

मी कागदावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिचा चेहरा एकदम खुलला. "हेच? कसं जायचात मग तुम्ही? बस मिळायची वेळेवर?"

"चालत जायचे."

"चालत?"

"सात मिनिटं लागायची. गल्लीतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की फाटकच." इथे थांबायला हवं होतं, पण मी बोलत राहिले. "आमच्या घरातले सगळे तिथेच शिकले. आजोबा, वडील, दोन्ही आत्या. माझा फॉर्म वडिलांनीच भरला होता, मी मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा. दुसरं कुठलं कॉलेज बघायला जायचं असतं हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

तिनं आपल्या रकान्यांकडे पाहिलं, ‘जायला किती वेळ’ लिहिलेल्या रकान्याकडे. मग एखादा शेरा लिहावा तशा सरळ आवाजात ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण जवळचंच घेतलंत."

तिनं माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. आईच्या हातातला फोन घेऊन तिनं प्रवेश घेत असल्याच्या बटणावर बोट ठेवलं.